ढालीची रिकामी बाजू

३ फेब्रुवारी १७८४

दिवसभर सिंहाच्या जिभाच रंगवल्या. लाल, टोकाशी वळलेल्या. बाबा म्हणतात, जीभ वळली नाही तर सिंहाचा कुत्रा होतो. दोन बग्ग्यांची दारं संपवली. थंडी एवढी की वॉर्निश वाळत नाही, शेगडी दारापाशी ओढून बसावं लागतं. हाताला टर्पेंटाईनचा वास, म्हणून ब्रेडलाही तोच वास.

बाबांचा हात आज पुन्हा थरथरत होता. चहा बशीत सांडला. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

गेल्या हिवाळ्यापासून बारीक रेघा सगळ्या माझ्याच. गिऱ्हाइकं म्हणतात, पेंडरच्या हाताची सर कुणाला नाही. पेंडरचाच हात आहे तसा — डॉर्कस पेंडरचा. बाबांनीच वळण लावलेला.

९ फेब्रुवारी

आज लॉर्ड ऑल्डमिअर स्वतः आले. अर्ल! आमच्या कारखान्यात! बाबांनी टोपी काढली ती ते जाईपर्यंत हातातच. अर्लसाहेबांचा पाय गाउटने सुजलेला, फडक्यांत गुंडाळलेला. दोघा भोयांनी त्यांना काचेचं कपाट उतरवावं तसं उतरवलं. बग्गीत पाय हिंदकळतो, म्हणून नवा मेणा करून घेतलाय — एका माणसापुरता, समोर दार. त्या दारावर घराण्याचं कुलचिन्ह हवं आहे. निळ्या जमिनीवर सोनेरी सिंह, वर मोत्यांचा मुकुट.

साहेब कोऱ्या दारासमोर खुर्ची टाकून बसले. म्हणाले, "पेंडर, ढालीची अर्धी बाजू बायकोची असते ना?"

"होय साहेब. लग्न झालेल्याची ढाल उभी दुभागायची. डावीकडे नवऱ्याचं चिन्ह, उजवीकडे बायकोच्या माहेरचं."

"मग आमची?"

बाबा घुटमळले. "बाईसाहेबांच्या माहेरी चिन्ह नाही, साहेब. म्हणून अख्खी ढाल आपलीच."

"काहीच काढता येत नाही?"

"नियमात बसत नाही."

"बरं," म्हणाले. आणि बराच वेळ त्या दाराकडे बघत बसले.

हायसं वाटलं असणार! बाईसाहेब म्हणजे नदीपलीकडच्या ब्रँडरेथची मुलगी. बिअरच्या भट्टीचा मालक ब्रँडरेथ. ऑल्डमिअरांच्या जमिनी गळ्यापर्यंत गहाण होत्या, त्या सुटल्या त्या बिअरवर. हे अख्ख्या लंडनला ठाऊक. मेण्याचे पैसेसुद्धा तिचेच असणार. आणि त्याच्या दारावर तिला जागा नाही, एवढं साहेबांना पक्कं करून घ्यायचं होतं. मी मागे निळा रंग घोटत होते. इतका जोरात घोटला की बाबांनी वळून पाहिलं.

१२ फेब्रुवारी

काढलंच शेवटी. बाबा चर्चात गेले असताना.

ढाल उभी दुभागली. डावीकडे ऑल्डमिअरांचा सिंह — पण उताणा पडलेला, डोक्यावर मुकुटाऐवजी झोपायची टोपी, एक पंजा फडक्यांत गुंडाळलेला. उजवीकडे, जिथे नियमाने काहीच नसतं, तिथे लाल जमिनीवर ब्रँडरेथचं तपकिरी पिंप. त्याची तोटी उघडी. धार थेट सिंहाच्या वळलेल्या जिभेवर. दोन्ही बाजूंना ढाल उचलून धरायला भोई. खाली पट्टीवर घराण्याचं ब्रीद लिहिलं — "तोटी चालू तर वंश चालू."

एकटीच हसले. चांगलं झालंय, माझं मलाच म्हणायला काय हरकत आहे.

१३ फेब्रुवारी

टिडमनबाईंना नेऊन दिलं. त्यांचं छापील चित्रांचं दुकान. माझं हे तिसरं. आधी पत्त्यांच्या राजा-राणीची ढाल एका जुगारी ड्यूकसाठी काढली होती, मग जावयाच्या पैशावर जगणाऱ्या एका सरदाराला कोकिळेचं चिन्ह दिलं होतं. खाली नाव कुणाचंच नसतं.

टिडमनबाई चष्मा सारखा करून बघत राहिल्या. "अगं, हे बघायला इतकी गर्दी होईल की काच फुटेल माझी. तुझ्या बापाला ठाऊक आहे?"

नाही म्हटलं.

"असूही देऊ नकोस. त्याला सिंहापुढे हात जोडायची सवय आहे."

बाबांची चेष्टा केलेली मला आवडत नाही. पण खोटं काय बोलल्या? दिवसभर ज्यांच्या मुकुटांवर मोती चढवायचे, त्यांची संध्याकाळी जरा खोड काढली की माझा हात हलका होतो. बाबांना तशी गरजच वाटत नाही. त्यांना खरोखर वाटतं की ते मोती कुणीतरी कमावलेले आहेत.

२६ फेब्रुवारी

मेणा गेला. सुंदर झाला होता. न्यायला तेच दोघे भोई आलेले. त्यातला पुढचा, फेलिम, आयरिश — तोंडाळ आहे. दार उघडून आत डोकावला, म्हणाला, "डॉर्कसताई, बाहेर सिंह आणि आत आमचा बैल. वजनाला मात्र दोघंही तेवढेच." बाबा शेजारीच होते. तरी मला हसू आवरलं नाही.

४ मार्च

चित्र टिडमनबाईंच्या खिडकीत लागलं! गुडघाभर चिखलात लोक उभे. एक कोळीण ब्रीद मोठ्याने वाचत होती, वाचता न येणाऱ्यांसाठी. एक वकील टोपी धरून हसत होता. कुणीतरी ओरडलं, "अरे, तोटी बंद करा, म्हातारा बुडेल!" मी मागे उभी राहून सगळ्यांत मोठ्याने हसले.

६ मार्च

बाबांनी पाहिलं असेल का? रंग घोटताना काही बोलले नाहीत. पण ते कधीच काही बोलत नाहीत.

११ मार्च

फार वाईट दिवस.

अर्लसाहेबांचे धाकटे भाऊ, कर्नल हम्फ्री, घोड्यावरून आले. अर्लसाहेबांना मूलबाळ नाही, पुढेमागे सगळं याच भावाकडे जायचं. हातात माझं चित्र. बाबांच्या कामाच्या फळीवर, ओल्या रंगावरच आपटलं.

"पेंडर, हा सिंह कुणाचा?"

बाबांनी चित्र उचललं. खिडकीपाशी नेलं. जीभ बघितली असणार. ती जीभ त्यांनीच मला शिकवली, मी सात वर्षांची असताना, माझा हात आपल्या हातात धरून.

मी पुढे झाले. तोंड उघडलंच होतं. बाबा म्हणाले, "डॉर्कस, मागून टर्पेंटाईन घेऊन ये."

आणि मी गेले! इतक्या वर्षांची सवय — बाबांनी काही मागितलं की आधी पाय चालतात. बाटली घेऊन आले तोवर ते म्हणत होते, "सिंह माझ्याच हाताचा आहे, साहेब."

"माझ्या भावाची अब्रू गटारात फेकलीस. आमच्या घरचं काम तुझ्याकडे यापुढे येणार नाही."

बाबांनी मान हलवली. कर्नल गेल्यावर मी म्हटलं, बाबा, ते मी — तर म्हणाले, "झाकण लाव बाटलीला. उडतंय."

१३ मार्च

दोन दिवस अबोला. आज पेज खाताना एकदम म्हणाले, "लाल जमिनीवर तपकिरी पिंप?"

मला कळेचना.

"तुझ्या चित्रात. लालवर तपकिरी, म्हणजे रंगावर रंग. इतकं शिकवलं तुला. रंगावर धातू यायला हवा — सोनं किंवा चांदी. पिंप सोनेरी हवं होतं."

"बाबा, ती चेष्टा होती."

"चेष्टा करायची तर नियमात कर. नाहीतर लोक म्हणतील पेंडरला येत नाही."

मी हसायला लागले आणि हसता हसता रडले. ते पेज खात राहिले. मग म्हणाले, "त्या बाईचा विचार केला होतास का काढताना?"

नव्हता केला. साहेबांचाच केला होता. बाई माझ्यासाठी नुसतं पिंप होती.

२३ मार्च

फेलिम आला होता, एकटाच. अर्लसाहेबांना थोडं शिंपल्यातलं सोनं हवंय — शिंपल्यात सोन्याचा रंग वाळवून ठेवतो ना आम्ही, तेच. मेण्याच्या दाराला कुठे ओरखडा गेलाय म्हणे.

बाबा म्हणाले, "मी येऊन लावतो."

"नको म्हणालेत. स्वतःच लावणार आहेत." फेलिमने कपाळाला बोट लावलं. "काका, गाउट डोक्यात चढलाय. हल्ली मेण्यात बसले की एकटेच हसतात. दार बंद, पडदे ओढलेले, आणि आत माणूस हसतोय. रस्त्यातले लोक आमच्याकडे बघतात."

"कर्नलसाहेब तर म्हणत होते, काम बंद."

"कर्नल कर्नलच्या घरी."

बाबांनी शिंपला दिला. पैसे घेतले नाहीत. मला वाटतं, माझ्यातर्फे ती माफी होती.

७ एप्रिल

लॉर्ड ऑल्डमिअर गेले. सकाळी पाववाल्याकडून कळलं. चार दिवस ताप होता, तो उतरलाच नाही.

दिवसभर निळ्या रंगाला हात लावला नाही.

८ एप्रिल

संध्याकाळी कारखान्यात एक बाई आल्या. पायी. काळे कपडे, मागे मोलकरीण नाही. मला वाटलं कुठल्या सरदाराकडची घरकामाची बाई असेल. बाबांनी ओळखलं आणि टोपी काढली. लेडी ऑल्डमिअर.

जाडजूड, लाल हातांच्या. बसायला सांगितलं तर रंगाच्या पिंपावरच बसल्या. मला लाजेने मेल्यासारखं झालं.

"सुतकाची पाटी करायची आहे," म्हणाल्या.

कुणी मोठं माणूस गेलं की घराच्या दारावर वर्षभर ती पाटी लावतात. चौकोनी, पण टोकावर उभी. मधे ढाल. जो गेला त्याच्या अर्ध्या बाजूमागे काळा रंग, जो मागे राहिला त्याच्या बाजूमागे पांढरा. रस्त्याने जाणाऱ्याला थांबून विचारावं लागत नाही — नवरा गेला की बायको, पाटीच सांगते.

"कर्नलने नमुना काढून आणलाय. हा बघा." कागद उलगडला. अख्खी ढाल सिंहाची, मागे सगळं काळं. "माझी बाजू कुठाय म्हटलं. तर म्हणे, तुला बाजूच नाही."

बाबा हळूच म्हणाले, "बाईसाहेब, नियमाने ते बरोबर आहे."

"आणि अशी पाटी दारावर लागली तर लोक काय वाचतील?"

बाबा कुंचला पुसायला लागले.

"सांगा ना. तुम्हाला वाचता येतं."

"की इथे एक अविवाहित गृहस्थ वारले," बाबा म्हणाले.

बाईसाहेबांनी नमुन्याची घडी घातली. मग बोलायला लागल्या तर थांबेनात. "त्यांचा पाय रोज रात्री मी शेकला. नोकराला हात लावू देत नसत. शेवटी शेवटी चमच्याने मीच भरवत होते. आता वर्षभर त्या पाटीखालून मी जा-ये करायची. कोण म्हणून? मला बाबांच्या वेळी चिन्ह घेता आलं असतं, पैसे टाकले की मिळतं. पण माझ्या बाबांनी शपथ घातली होती — पिंपावर माझं नाव आहे तेवढं पुरे, सिंह-घोडे विकत घ्यायचे नाहीत. मी पाळली."

मग त्यांनी हातमोज्यांतून दुसरा कागद काढला. माझं चित्र! घडी घालून घालून मऊ झालेलं.

"हे ज्याने काढलं तो हात तुमचा ना, मास्तर?"

"माझा," मी म्हटलं. या वेळी बाबांना टर्पेंटाईन मागायला वेळच दिला नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. "पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रात्रभर रडले गं. मग पुन्हा काढून बघितलं. आमच्या बाबांचं पिंप, त्यांच्या सिंहाच्या शेजारी, एकाच ढालीत. लग्नाला इतकी वर्षं झाली, आम्हाला असं शेजारी कुणी उभं केलं नव्हतं. तू केलंस — चेष्टेने का होईना."

मग मीच विचारलं, साहेबांनी पाहिलं होतं का?

"ठाऊक नाही. विचारायचा धीर झाला नाही. त्यांनीही विषय काढला नाही. पाहिलं असेल तर त्यांना काय वाटलं, हे आता कुणाला विचारू?" उठल्या. "धार नको, तोटी बंद ठेव. सिंह नीट उभा कर. पण पिंप हवं. घर माझ्या बाबांनी माझ्या नावावर घेतलेलं, दार माझं आहे. फक्त रंगवणारा हवाय."

बाबा म्हणाले, "विचार करतो."

९ एप्रिल

कर्नलना कसं कळलं देव जाणे. आज आले ते घोड्यावरून उतरलेसुद्धा नाहीत. आता ते कर्नल नाहीत, तेच लॉर्ड ऑल्डमिअर.

"पेंडर, ते पिंप माझ्या भावाच्या पाटीवर चढलं तर लंडनमधल्या एकाही घरंदाज माणसाची बग्गी तुझ्या दारात येणार नाही. मी एकेकाला जाऊन सांगेन." मग माझ्याकडे वळून, "आणि तू. जिवंतपणी तू त्याचं हसं केलंस. त्या चित्रानंतर तो कुणाकडे जेवायला गेला नाही. त्या लाजेनेच गेला तो. आता मेल्यावरही सोडणार नाहीस का?"

जेवण गेलं नाही. खरंच का? मी हसवलं होतं सगळ्यांना. सगळ्यांत मोठ्याने मीच हसले होते. एका आजारी माणसाने खिडक्यांचे पडदे ओढून घेतले, बाहेर जाणं टाकलं — आणि मेण्यात एकटाच हसायला लागला. वेड लागलं असेल तर ते मी लावलं.

बाईंची बाजू खरी. पण साहेबांची? त्यांना ते पिंप नकोच असेल तर? माणूस गेल्यावर त्याच्या दारावर त्याचीच लाज टांगायची का?

१० एप्रिल

सकाळी कारखान्यात आले तर बाबा पाटी ठोकून उभे. अर्धी काळी केलेली. मोठा कुंचला घेऊन उरलेली अर्धी रंगवत होते. पांढरी. मोठ्या कुंचल्याने हात थरथरला तरी दिसत नाही.

"बाबा, नियम?"

"नियम सांगतो, जो जिवंत आहे त्याच्यामागे पांढरं. ती बाई जिवंत आहे. परवा आपल्या रंगाच्या पिंपावर बसून गेली." कुंचला बुचकळला. "काळा रंग लावून मी खोटं लिहिणार नाही. हीसुद्धा शिकवण त्याच नियमांची आहे."

"पण चिन्ह तर नाही ना त्यांना."

"ते नाही," म्हणाले. "तिथे मी नियम मोडतोय. आयुष्यात एकदा."

१२ एप्रिल

सिंह मी काढला. उभा, ताठ. आजवरचा सगळ्यांत चांगला सिंह.

पिंपाला मात्र माझा हात चालेना. तीनदा सुरुवात केली, तीनदा पुसलं. पिंप काढलं की तोटी दिसते, तोटी दिसली की ती कोळीण ऐकू येते. शेवटी बाबांनी माझ्या हातातून कुंचला घेतला. बारीक कुंचला! गेल्या हिवाळ्यापासून धरला नव्हता.

लाल जमिनीवर सोनेरी पिंप. पट्ट्या वाकड्या आल्या. एक फळी फुगली. मी म्हटलं, बाबा, नीट करू का? "राहू दे. सिंह कुणी पाहिलेला नाही, म्हणून तो सरळ काढावा लागतो. पिंप सगळ्यांनी पाहिलंय." आणि म्हणाले, "माझा हात आहे हा. कुणी विचारलं तर माझाच."

१४ एप्रिल

पाटी लागली.

ऑल्डमिअरांच्या घरासमोर चौकात गर्दी जमली. मी कोपऱ्यावर उभी, शाल डोक्यावरून. एकजण ओरडलाच, "तोटी चालू तर वंश चालू!" माझेच शब्द. काहीजण हसले. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

तेवढ्यात ब्रँडरेथच्या भट्टीची गाडी आली, पिंपांनी भरलेली, मोठ्या घोड्यांची. गाडीवानाने वर पाहिलं. लगाम खेचला. "ए, ते आमचं पिंप आहे," मदतनिसाला म्हणाला. "मग? आपल्या बाईचं घर आहे ते," मदतनीस म्हणाला. दोघांनी टोप्या काढल्या. ओरडणारा टोपी कपाळावर ओढून निघून गेला.

नवे लॉर्ड दोन माणसं आणि शिडी घेऊन आले. लेडी ऑल्डमिअर दारात येऊन उभ्या राहिल्या, हात पोटावर बांधून. शिडी लावायची तर त्यांच्याच अंगावर लावावी लागली असती. थोड्या वेळाने शिडी परत गेली.

१९ एप्रिल

तीन बग्ग्या अर्धवट रंगवलेल्या तशाच परत नेल्या. आज चौथी. शेजारचे विचारतात, अरे पेंडर, करून बसलास ना? बाबा म्हणतात, हो.

कारखान्यात इतकी जागा झालीय की आवाज घुमतो. ब्रँडरेथच्या भट्टीने गाड्यांवर नाव घालायचं काम दिलंय. मोठी अक्षरं. बाबांना जमतात.

२४ एप्रिल

टिडमनबाई आल्या होत्या. "पाटीवर एक चित्र काढून दे. पिंपाखाली विधवा, रडतेय, अश्रूंचा फेस होतोय. सोनं आहे गं, सोनं!"

नाही म्हटलं.

"कोकरू झालीस का?"

म्हटलं, नवीन लॉर्डसाहेबांची ढाल हवी तर काढते. शिडी, आणि शिडीच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर सिंह, शेपूट पायांत. टिडमनबाई खूश. काढलं. पण पूर्वीसारखी एकटी हसले नाही. शेपटीच्या टोकाशी आले आणि मनात आलं, या माणसाबद्दल मला काय ठाऊक आहे? तरी दिलं नेऊन. राग आहे तो आहे.

जुन्या साहेबांचं मात्र डोक्यातून जात नाही. लाजेने गेले. कर्नलचं तोंड वाईट, पण भाऊ होता तो. त्याला ठाऊक असणार.

३ मे

फेलिम आणि त्याचा जोडीदार मेणा घेऊन आले. बाईंनी पाठवलाय — दारावरचा सिंह पुसून सगळा काळा करायचा. फेलिम आज एकही विनोद न करता टेकून उभा राहिला. "उघड तूच, ताई. साहेब सोडून आम्ही कुणाला उघडून दिलं नाही कधी."

उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला, बसणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांसमोर, माझं चित्र. खळ लावून नीट चिकटवलेलं. उताणा सिंह, टोपी, भोई, ब्रीद, सगळं तसंच. फक्त पिंप सोनेरी केलेलं. हात काही चांगला नाही, रंग पट्ट्यांबाहेर गेलाय. सीटच्या फटीत आमचा शिंपला, रिकामा.

बाबांनी टोपी काढली. मी बाईंना बोलवायला धावत चौकात गेले. बाई आल्या, पायीच. आत बसल्या आणि दार ओढून घेतलं. बराच वेळ झाला. आम्ही कुणी हाक मारलेली नाही.